जिथली पातळी तिथे

"तीन महिने देतो," असं आमचे साहेब म्हणाले तेव्हा मला इतका आनंद झाला, की त्यातल्या 'तीन'चा अर्थ वॉटर्लूला उतरेपर्यंत डोक्यात शिरलाच नाही. शिरला तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून बोटं मोजली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. संपले.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये, कारखान्यांसाठी कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी दोन वर्षं मॅन्युअल्स लिहीत होते. मशिन कसं चालू करावं, टेप कशी लावावी, दिवा लाल झाला तर कोणाला फोन करावा, असली पुस्तकं. पुण्यात मी प्रोग्रॅमिंग केलं होतं आणि चांगलं केलं होतं. पण लग्न होऊन लंडनच्या हॅरो भागात आले, तेव्हा एजन्सीतल्या बाईंनी माझी सर्टिफिकेटं उलटसुलट करून पाहिली आणि तुमचं इंग्लिश किती छान आहे, असं म्हणत मला मॅन्युअल्सकडे पाठवून दिलं. इंग्लिश छान असल्याचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. नोकरी मात्र हवी होती, म्हणून राग गिळला आणि घेतली.

मॅन्युअल लिहायचं तर आधी मशिन समजायला हवं, या निमित्ताने मी कर्नल वाचायला लागले. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. बाकी सगळे प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर चालतात तो. आमच्याकडे तो हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदावर छापून लाल फायलींत घालून ठेवलेला असे. घरून ऑफिसला जायला दोन तास आणि यायला दोन तास, तेव्हा वेळेला तोटा नव्हता. मेट्रोपॉलिटन लाइनवर शेजारची माणसं पेपरातली शेवटची पानं वाचत, मी टेप ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधला टेप चालवणारा भाग, वाचत असे, आणि खरं सांगते, जास्त मजा मला येत होती.

कर्नल ग्रुपमध्ये पाच पुरुष होते आणि त्यांच्यावर साहेब. पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे, उन्हाळ्यात घरचे टोमॅटो पिशवीभर आणून किटलीशेजारी ठेवून देणारे. कर्नलचा अर्धा भाग त्यांनी एकट्याने लिहिला होता. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला ते काही केल्या जमेना. मी समोर जाऊन नुसती उभी राहायची, आणि त्यांनी वर पाहिलं की बोलायला सुरुवात करायची. मला तुमच्या ग्रुपमध्ये घ्या, असं मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते तीन महिने दिले. अट साधी होती. ब्रिस्टलचं मशिन सारखं पडत होतं. सप्टेंबरच्या शेवटी ते उभं असेल तर मी ग्रुपमध्ये राहणार, नाहीतर परत मॅन्युअल्सकडे, आणि त्यात कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही.

वाईट वाटून घ्यायचं नाही, हे म्हणणं त्यांना सोपं होतं. परत त्या लाल दिव्यांच्या पुस्तकांकडे मला जायचंच नव्हतं.

ब्रिस्टलला विमानाच्या इंजिनाचे भाग तपासणारी एक कंपनी होती. त्यांच्या टेस्ट बेंचवरून, म्हणजे तपासणीच्या यंत्रांवरून, आकडे धो धो यायचे आणि आमचं मशिन ते साठवायचं. आठवड्यातून दोनदा, ऐन गर्दीत, ते स्क्रीनवर 'पॅनिक' असा शब्द लिहून मान टाकायचं. हा शब्द कर्नल स्वतःच लिहितो. मला त्याचा तो प्रामाणिकपणा आवडायचा.

दुखणं मेमरी मॅपमध्ये आहे, हे साहेबांना ठाऊक होतं. मेमरीतला कुठला तुकडा रिकामा आहे आणि कुठला कोणाला दिला आहे, याची कर्नल एक यादी ठेवतो. तिला मॅप म्हणतात. कोणी जागा मागितली की यादीतला एक तुकडा काढायचा आणि उरलेल्यांची टोकं पुन्हा जोडायची. गजऱ्यातलं एक फूल काढून दोरा परत गाठावा, तसं. आता दोरा सुटलेला असताना दुसऱ्या कोणी हात घातला की गजरा गेलाच. आणि हात घालणारं होतं. नेटवर्कवरून आकडे आले की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला हाक मारतं: हातातलं राहू दे, आधी माझं बघ. याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर बिचारा अर्धी गाठ तशीच टाकून उठतो, कार्डाच्या कामाला लागतो, आणि त्या कामालाही जागा लागते, म्हणून त्याच सुटलेल्या दोऱ्यातलं फूल ओढतो. मग पॅनिक.

यावर उपाय होता. प्रोसेसरला एक पातळी असते. ती शून्यावर असली की कोणीही हाक मारावी. वर चढवली की हाका मारणारे बाहेर थांबतात. मॅपला हात लावण्याआधी पातळी चढवायची, काम उरकलं की उतरवायची, आणि थांबलेल्यांना आत घ्यायचं. कर्नलमध्ये मॅपला हात लावणाऱ्या चौदा जागा होत्या. त्या प्रत्येक जागेला असं कुंपण घालायचं, हे माझं पहिलं काम.

मी ते तीन आठवड्यांत केलं. सुरुवातीला पातळी चढव, शेवटी शून्य कर. साहेबांच्या टेप ड्रायव्हरमध्ये ते अगदी असंच लिहिलेलं होतं, आणि शाळेत कित्ता गिरवतात तसं मी ते चौदा वेळा गिरवलं. मला वाटलं, झालं. मी घरी जाऊन बासुंदी केली.

बासुंदी जरा लवकर झाली. मशिन आठवड्यातून दोनदा पडायचं, ते आता आठवड्यातून एकदा पडायला लागलं, पण भलत्याच ठिकाणी. पूर्वी निदान जखम कुठे आहे ते दिसायचं. ब्रिस्टलच्या कॉम्प्युटर रूममध्ये एक बाई होत्या, त्यांचा सकाळी फोन यायचा: "शी इज डाउन अगेन, माय लव्हर." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी कानापर्यंत लाल झाले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने समजावलं, की तिकडे बस ड्रायव्हरही सगळ्यांना असंच म्हणतो. नवऱ्याला ही गोष्ट सांगायची चूक मी केली. तेव्हापासून घरी आलं की, ब्रिस्टलच्या लव्हरचा फोन आला का, हाच पहिला प्रश्न. सासूबाई समोर असल्या की तो लव्हरच्या जागी 'बाईंचा' म्हणायचा आणि भुवया उडवायचा.

सासूबाई त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आमच्या मंडळाचा गणपती तिथीला बसत नसे. हॉल मिळेल त्या रविवारी बसे. नैवेद्याचे एकवीस मोदक त्या वर्षी आमच्याकडे होते. नवरा हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टर होता. शुक्रवारी सकाळी ऑन-कॉल गेलेला तो रविवारी अकराला घरी आला आणि बुटांसकट पलंगावर आडवा झाला. मी बूट काढले, पडदे ओढले, आणि जिन्याखालच्या फोनचा प्लग भिंतीतून काढून ठेवला. नुसता रिसीव्हर बाजूला ठेवला तर इथले फोन थोड्या वेळाने केकाटायला लागतात, म्हणून प्लगच काढायचा, ही आमच्या घरची रीत. तो उठला की मी लावणार होते. मग मी निवांत केस धुवायला गेले.

सासूबाईंचीही एक रीत होती. उकड काढायला घेतली की मध्ये उठायचं नाही, म्हणून त्याही आधी फोनचा प्लग काढत. त्या दिवशी काढायला गेल्या, तर तो निघालेलाच. त्यांना बरं वाटलं. उकड झाली, गरम गरम मळून झाली, आणि त्यांनी हात धुऊन नेहमीप्रमाणे प्लग लावून टाकला. दोन मिनिटांत फोन वाजला. मंडळाचे सेक्रेटरी होते, चौरंग कोणाच्या गाडीत आहे ते विचारत होते. नवरा हॉस्पिटलचा फोन समजून धडपडत जिना उतरला आणि झोपेतच त्याने सेक्रेटरींना पेशंटचं ब्लड प्रेशर किती आहे ते विचारलं.

मी ओल्या केसांनी बाहेर आले. आवाज चढलाच माझा, आता खोटं कशाला बोलू.

"आई, प्लग तुम्ही लावलात?"

"हो. माझं काम झालं होतं."

"पण काढला मी होता. हे झोपले होते म्हणून."

त्यांनी ओले हात पदराला पुसले. "खरंच गं. निघालेला मिळाला होता, तर निघालेलाच ठेवायला हवा होता मी. माझं झालं म्हणजे सगळ्यांचं झालं, असं धरलं."

मी पायरीवर मटकन बसले. सासूबाईंना वाटलं सुनेला लागलं, म्हणून त्या माझ्या पाठीवर हात फिरवायला आल्या, आणि मी हसत होते. चौदाही जागी मी शेवटी 'शून्य कर' असंच लिहिलं होतं. मॅपची कामं बहुतेक वेळा शून्यावरूनच सुरू होत, तेव्हा ते खपून जाई. पण नेटवर्क कार्डाचं काम चालू असताना, पातळी आधीच कोणीतरी चढवलेली असताना, त्या कामातून मॅपला हाक गेली की माझं कुंपण आत यायचं, आपलं उरकायचं आणि जाताना घराची सगळी दारं सताड उघडून जायचं. ज्याने दारं लावली होती तो अजून अर्धी गाठ हातात धरून आत बसलेला. चूक चढवण्यात नव्हती, उतरवण्यात होती. आत शिरताना पातळी किती होती ते लक्षात ठेवायचं आणि जाताना ती होती तिथे ठेवायची. शून्य नव्हे.

त्या दिवशीचे मोदक मी इतक्या खुशीत केले, की कळ्या कुठल्या कुठे गेल्या. सासूबाईंनी माझे सहा मोदक वेगळे काढले आणि हे घरच्यांसाठी, देवाला नकोत, असं सांगितलं.

सोमवारी मी चौदाही जागा दुरुस्त केल्या आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिल्यावर सांगितलं, की चूक माझीच होती. त्यांनी मान डोलावली आणि दुरुस्त कर्नलची टेप ब्रिस्टलला पाठवायला सांगितली, एवढंच. नवीन कर्नल चढला. एक आठवडा गेला. दुसरा आठवडा सुरू झाला. ब्रिस्टलच्या बाई मशिन पडलं नाही तरी सकाळी फोन करून "स्टिल अप" असं सांगायला लागल्या, आणि त्यांच्या आवाजाने माझा दिवस उजाडायचा. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. अकरा उरले. दहा उरले.

आठ उरले असताना, शुक्रवारी दुपारी, ते पडलं.

त्या दिवशी त्यांना उशीर झाल्यामुळे बेंच चालू असतानाच त्यांनी टेपवर बॅकअप घ्यायला सुरुवात केली होती. एरवी बेंच बंद झाल्यावर घेत. टेप, म्हणजे टेप ड्रायव्हर. आता कोणीही शहाणी बाई सरळ ती फाईल उघडेल. मी शनिवारभर बाकी सगळ्या फायली उघडल्या. डिस्क पाहिली, प्रिंटर पाहिला, घड्याळ पाहिलं. साहेबांच्या फायलीला हात लावला नाही, कारण तिथे काय लिहिलंय ते मला पाठ होतं. तिथूनच तर गिरवलं होतं. रविवारी दुपारी शेवटी उघडली. पातळी चढव. शून्य कर. त्यांच्या हातचं, मी या देशात येण्याच्या कितीतरी आधीचं.

मला भीती वाटली. माझा निकाल ज्या माणसाच्या हातात, त्यालाच जाऊन सांगायचं, की तुमचंही चुकलंय. नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. मी त्याला म्हटलं, की समजा राउंडला तुझ्या वरच्या कन्सल्टंटची चूक तुला दिसली, तर काय करशील. त्याने पेपर खाली न करता विचारलं, "पेशंट कोणाचा आहे?"

"माझा."

"मग सांगायचं."

सोमवारी मी दोन कागद घेऊन गेले आणि त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक माझा, दुरुस्त करण्याआधीचा, दुसरा त्यांचा. माझ्या कागदावरच्या 'शून्य कर' या ओळीवर बोट ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, की हे असं लिहायला मी कुठे शिकले.

"इथे," मी म्हटलं आणि बोट त्यांच्या कागदावर ठेवलं.

ते बराच वेळ वाचत राहिले. एवढीशी फाईल, पण त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचली. मग ते बोलले, माझ्याशी कमी आणि कागदाशी जास्त. हे लिहिलं तेव्हा त्या मशिनवर टेप एवढंच होतं, नेटवर्क नव्हतं, आधी कोणी पातळी चढवलेली असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा शून्य म्हणजेच 'पातळी होती तिथे'. नंतर घरात माणसं वाढत गेली आणि ही ओळ कोणी पुन्हा वाचली नाही. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, बाई गं, हे काय केलं मी. तर ते हसत होते, आवाज न करता, कान लाल होईपर्यंत.

मला हे सुचलं कसं, असं त्यांनी विचारलं. मी फोनचा प्लग, उकड, सेक्रेटरी आणि ब्लड प्रेशर, सगळं सांगितलं. मोदक म्हणजे काय ते त्यांना कळेना, म्हणून त्यांच्या कर्नलच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी मोदक काढून दाखवला, कळ्यांसकट. तुझ्या सासूबाईंना नोकरी हवी आहे का, असं त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. मग टेप ड्रायव्हरमधली ती ओळ त्यांनी स्वतः दुरुस्त केली आणि टेप दुपारच्या पोस्टाने ब्रिस्टलला गेली.

"अशा अजून किती असतील?" ते म्हणाले.

तिथून जे सुरू झालं ते आठवलं की अजून मला बरं वाटतं. आम्ही मीटिंग रूममधली टेबलं भिंतीला लावली आणि सगळ्या लाल फायली जमिनीवर मांडल्या. ते गुडघ्यांखाली उशी घेऊन, मी मांडी घालून. त्यांनी मोठ्याने वाचायचं, मी ऐकायचं. कंटाळा आला की उलट. कोणी पातळी चढवली की मी बोट वर करायची, उतरवली की खाली, आणि शून्य आलं की आम्ही दोघं एकदम "हां" करायचो. हा 'हां' त्यांनी माझ्याकडून उचलला. ग्रुपमधली मंडळी दारातून डोकावून चहा ठेवून जायची आणि आमच्याकडे पाहून हसायची. सासूबाईंनी डब्यात बेसनाचे लाडू दिले होते. साहेबांनी तिसऱ्या लाडवानंतर टोमॅटोची पिशवी त्यांच्यासाठी माझ्याकडे दिली, आणि सासूबाईंनी त्याचं सार केलं. काही ओळी दहा वर्षांपूर्वीच्या निघाल्या, काही गेल्या महिन्यातल्या. साहेबांच्या सगळ्यात जास्त होत्या आणि दर वेळी ते पेन्सिलीने बाजूला स्वतःचं आद्याक्षर लिहीत. माझी एकही उरली नव्हती, याचा मला गर्व झाला होता, हे कबूल करते. ब्रिस्टलच्या बाई रोज "स्टिल अप" म्हणत होत्या आणि मी घाईघाईने "थँक्यू" म्हणून फोन ठेवून परत जमिनीवर जाऊन बसत होते.

शेवटची फाईल बुधवारी दुपारी मिटली. एकूण तेवीस सापडल्या. साहेब गुडघे चोळत उठले, कॅलेंडरकडे पाहिलं आणि तसेच उभे राहिले.

"आज चार ऑक्टोबर," ते म्हणाले. "तुझे तीन महिने शनिवारी संपले. मी तुला काही बोललोच नाही. आय अ‍ॅम सॉरी. तुला विचारावंसं नाही वाटलं?"

जुलैपासून एक सकाळ अशी गेली नव्हती, की मी उरलेले दिवस मोजले नव्हते. ट्रेनमध्ये मोजायची, भांडी घासताना मोजायची. आठ उरले होते तिथवरचं मला आठवत होतं. त्यानंतरचं काहीच आठवेना.

"मी विसरले," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खाली वाकून मोदक काढलेला तो कागद उचलला, आपल्या फायलीत घातला आणि म्हणाले, "मग झालं तर. उद्या आपण कर्नलमधल्या डिस्क क्यूला हात घालू."